प्रॉक्सिमिटी सेन्सर कसा निवडावा, बसवावा आणि तपासावा

नागपूर परिसरातील हिंगणा, बुटीबोरी किंवा कळमेश्वरच्या एमआयडीसीत एखादे यंत्र चालता चालता थांबले आणि पडद्यावर ‘क्लॅम्प बसला नाही’ असा संदेश उमटला, की देखभाल विभागाचा पहिला संशय प्रॉक्सिमिटी सेन्सरवर, म्हणजे वस्तू जवळ आली हे तिला न शिवता ओळखणाऱ्या उपकरणावर, जातो. बरेचदा तो लगोलग बदललाही जातो, यंत्र सुरू होते आणि थोड्याच दिवसांत तीच तक्रार पुन्हा येते. या सेन्सरमध्ये हलणारा एकही भाग नसल्यामुळे तो वस्तूने दाबल्या जाणाऱ्या लिमिट स्विचसारखा झिजत नाही. दोष बहुधा समोरच्या वस्तूपासून ठेवलेल्या अंतरात, बसवण्याच्या जागेत किंवा तारांच्या जोडणीत दडलेला असतो, आणि तो शोधल्याविना सेन्सर बदलल्यास खर्च तेवढा होतो. आयटीआय करून नुकतेच कामाला लागलेले फिटर व इलेक्ट्रिशियन आणि छोटे वर्कशॉप स्वतः सांभाळणारे मालक यांच्यासाठी ही माहिती क्रमाने दिली आहे.

स्पर्शाविना धातू कसा ओळखला जातो

कारखान्यात नुसते ‘प्रॉक्सी’ म्हटले, तर बहुतेक वेळा इंडक्टिव्ह सेन्सर अभिप्रेत असतो. पितळेच्या किंवा स्टेनलेस स्टीलच्या, बाहेरून आटे पाडलेल्या नळीत प्लॅस्टिकच्या टोपीमागे तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे असते आणि ते फेराइटच्या वाटीच्या आकाराच्या गाभ्यात बसवलेले असते. ऑसिलेटर या वेटोळ्यातून सेकंदाला लाखो वेळा दिशा बदलणारा प्रवाह खेळवतो, त्यामुळे टोपीसमोरच्या थोड्या जागेत चुंबकीय क्षेत्र तयार होते. त्या जागेत धातू आला, की त्याच्या पृष्ठभागावर भोवरी प्रवाह निर्माण होतात. या प्रवाहांना लागणारी ऊर्जा ऑसिलेटरमधूनच खेचली जाते आणि त्याची आंदोलने क्षीण होत जातात. आंदोलने ठरावीक पातळीखाली गेली, की आतील ट्रिगर सर्किट आउटपुटचा ट्रान्झिस्टर चालू करते आणि मागच्या बाजूचा एलईडी पेटतो. अशा सेन्सरची सुरुवात १९५८ साली जर्मनीतील मानहाइम येथे पेपर्ल अँड फुक्स या कंपनीत झाली. रसायन कारखान्यात झिजणाऱ्या व ठिणगी पडू शकणाऱ्या यांत्रिक संपर्कांना पर्याय हवा होता, त्या गरजेतून तो आला.

सेन्सर ज्या अंतरावर चालू होतो, त्याच अंतरावर तो बंद होत नाही. ५ मि.मी.वर चालू झालेला सेन्सर वस्तू मागे घेताना साधारण साडेपाच मि.मी.च्या आसपास बंद होतो. या फरकाला हिस्टेरेसिस म्हणतात आणि तो मुद्दाम ठेवलेला असतो, अन्यथा यंत्राच्या थरथरीमुळे सीमेवर उभी असलेली वस्तू एका सेकंदात अनेकदा ‘आली-गेली’ अशी मोजली जाईल. जिथे वस्तूची हालचालच एखाद्या मिलिमीटरची आहे, तिथे मात्र हा फरक आड येतो: सेन्सर चालू होतो आणि बंद होण्याइतकी वस्तू मागे जातच नाही.

लेबलवरचा आकडा आणि प्रत्यक्षातले अंतर

सेन्सरच्या लेबलवर ‘५ मि.मी.’ लिहिलेले असते तेव्हा ते अंतर एका प्रमाणित पट्टीसाठी असते. आयईसी ६०९४७-५-२ या मानकानुसार ही पट्टी माइल्ड स्टीलची, चौरस आणि १ मि.मी. जाडीची असते; तिची बाजू सेन्सरच्या तोंडाच्या व्यासाइतकी किंवा लेबलवरील अंतराच्या तिप्पट, यांपैकी जे जास्त असेल तेवढी घेतात. आपल्या यंत्रावरचा जॉब, म्हणजे कामाचा तुकडा, क्वचितच असा असतो. शिवाय प्रत्येक नगात उत्पादनातला फरक १० टक्क्यांपर्यंत असू शकतो आणि तापमान व व्होल्टेजमुळे आणखी १० टक्के फरक पडू शकतो, म्हणून ०.९ गुणिले ०.९, म्हणजे लेबलवरील अंतराच्या ८१ टक्के, एवढ्याच अंतरापर्यंत सेन्सर खात्रीने काम करेल असे धरतात. ५ मि.मी.च्या सेन्सरसाठी हे अंतर सुमारे ४ मि.मी. येते. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि पत्र्याच्या शेडमध्ये, त्यातही भट्टी किंवा हायड्रॉलिक टाकीजवळ, तो त्याहून बराच वर असतो. जानेवारीत सकाळी काठावर लावलेला सेन्सर उन्हाळ्यात का चुकतो, याचे उत्तर बहुधा इथेच मिळते. सर्वसाधारण सेन्सर ७० अंश सेल्सिअसपर्यंत चालतात, त्यामुळे भट्टीच्या तोंडाशी ते लावूच नयेत. तिथे उच्च तापमानाचे वेगळे सेन्सर मिळतात.

यानंतर धातूचा प्रश्न येतो. माइल्ड स्टीलला १ धरले, तर स्टेनलेस स्टीलसाठी अंतर साधारण ०.७ पट, पितळेसाठी ०.४ पट, अॅल्युमिनिअमसाठीही ०.४ च्या आसपास आणि तांब्यासाठी ०.३ पट भरते. नेमके आकडे त्या-त्या सेन्सरच्या डेटाशीटमध्ये पाहावेत. तांबे आणि अॅल्युमिनिअम विजेचे उत्तम वाहक असूनही उशिरा ओळखले जातात, याचे अनेकांना आश्चर्य वाटते. उत्तम वाहकात भोवरी प्रवाह कमी विरोधाने फिरतात, त्यामुळे उष्णतेच्या रूपाने ऊर्जा कमी खर्च होते आणि ऑसिलेटरवरचा ताणही कमी पडतो. याच कारणाने अॅल्युमिनिअमची अगदी पातळ फॉइल त्याच धातूच्या जाड पट्टीपेक्षा लांबून ओळखली जाते. आता हिशेब असा मांडावा: एम१८ मापाचा (१८ मि.मी. व्यासाच्या नळीचा), ५ मि.मी. अंतराचा सेन्सर आणि समोर अॅल्युमिनिअमचा जॉब असेल, तर ५ गुणिले ०.४ म्हणजे २ मि.मी., आणि त्याचे ८१ टक्के म्हणजे सुमारे १.६ मि.मी. लेबल वाचून ४ मि.मी.वर लावलेला हा सेन्सर कधीच चालू होणार नाही आणि दोष मात्र सेन्सरवर येईल. सर्व धातू एकाच अंतरावर ओळखणारे ‘फॅक्टर १’ प्रकारचे सेन्सरही मिळतात. ते महाग असतात, परंतु एकाच लाइनवर स्टील व अॅल्युमिनिअम दोन्ही जॉब येत असतील, तर तो खर्च योग्य ठरतो.

समोर धातू नसेल तर

नागपूरच्या डाळ मिल किंवा भंडारा-गोंदियाकडच्या भात गिरण्या यांत हॉपर, म्हणजे धान्य साठवणारे नरसाळ्यासारखे भांडे, भरला की रिकामा आहे हे पाहायचे असते, आणि तिथे इंडक्टिव्ह सेन्सरचा उपयोग नसतो. अशा ठिकाणी कपॅसिटिव्ह सेन्सर लावतात. त्याच्या तोंडाशी असलेले इलेक्ट्रोड आणि समोरचा पदार्थ यांच्यातील विद्युत क्षेत्र पदार्थाच्या डायइलेक्ट्रिक स्थिरांकाप्रमाणे बदलते. हवेचा स्थिरांक १ असतो, कोरड्या धान्याचा त्याच्या काही पट, तर पाण्याचा सुमारे ८०. म्हणूनच हा सेन्सर प्लॅस्टिकच्या टाकीच्या भिंतीतून आतले पाणी ओळखू शकतो, परंतु लोखंडी हॉपरच्या भिंतीतून आतले धान्य ओळखू शकत नाही. तिथे भिंतीला छिद्र पाडून सेन्सर आत घ्यावा लागतो किंवा प्लॅस्टिकची खिडकी बसवावी लागते. मागच्या बाजूला संवेदनशीलतेचा बारीक स्क्रू असतो. हॉपर रिकामा असताना स्क्रू हळूहळू वाढवत एलईडी कुठे पेटतो ते पाहावे, मग हॉपर भरून तो उलट दिशेने कुठे विझतो ते पाहावे आणि स्क्रू या दोन जागांच्या मध्यावर ठेवावा. हे काम पावसाळ्यात एकदा पुन्हा करावे, कारण दमट धान्य आणि तोंडावर चिकटलेला ओला कोंडा यांमुळे रिकामा हॉपरही सेन्सरला भरलेला वाटतो.

डाळीचा भुसा किंवा कोळशाची भुकटी हवेत तरंगते अशा धोक्याच्या क्षेत्रात साधा सेन्सर लावू नये. तिथे नामुर प्रकारचे, सुमारे ८.२ व्होल्टवर चालणारे दोन तारांचे सेन्सर विशेष अलगीकरण उपकरणामार्फत जोडतात, म्हणजे ठिणगी पडण्याइतकी ऊर्जा त्या तारांत नसतेच. त्या क्षेत्रासाठीचे प्रमाणपत्र सेन्सर व अलगीकरण उपकरण या दोन्हींचे असावे लागते.

प्रकाशावर चालणारे सेन्सर लांबून काम करतात, मात्र त्यांना स्वच्छता लागते. कापसाच्या जिनिंगमधील तंतू किंवा कोराडी-खापरखेड्यासारख्या औष्णिक केंद्रांच्या कोळसा हाताळणीतील काजळी काचेवर बसली, की ते आंधळे होतात. अशा ठिकाणी पट्टा फिरतो आहे की थांबला आहे हे पाहण्यासाठी पुलीवर लोखंडी तुकडा वेल्ड करून त्यासमोर इंडक्टिव्ह सेन्सर ठेवणे अधिक भरवशाचे असते. मोबाइलच्या पडद्याशेजारचा सेन्सर याच प्रकाशीय जातीचा आहे. अदृश्य अवरक्त किरण गालावरून परतले, की पडदा बंद होतो, आणि म्हणूनच चुकीच्या मापाचा स्क्रीनगार्ड लावल्यावर कॉल सुरू होताच पडदा काळा पडतो.

अल्ट्रासोनिक सेन्सर आपल्या कानांना ऐकू न येणारा, बहुधा ४० किलोहर्ट्झचा ध्वनी सोडून प्रतिध्वनी परत यायला लागलेला वेळ मोजतो. गाडीच्या मागच्या बंपरमधील पार्किंग सेन्सर, जे भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना सक्तीचे आहेत, ते प्रामुख्याने याच तत्त्वावर चालतात. आता गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीसाठीही ते वापरले जातात. येथे नागपूरचे ऊन थेट हिशेबात येते. २० अंशांना हवेतील ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो, तर ४५ अंशांना तो ३५८ मीटरच्या आसपास जातो. तापमानाची दुरुस्ती नसलेला सेन्सर दुपारी १ मीटर खालचे पाणी साधारण शहाण्णव सेंटिमीटरवर आहे असे सांगतो, म्हणजे टाकी आहे त्यापेक्षा भरलेली दिसते आणि पंप लवकर बंद होतो. शिवाय सेन्सरच्या अगदी जवळच्या पट्ट्यात त्याला काही दिसत नाही. पाणीरोधक स्वस्त सेन्सरमध्ये हा पट्टा २० ते २५ सें.मी.चा असतो, म्हणून टाकी काठोकाठ भरली तरी पाण्यापासून तेवढे अंतर उरेल इतक्या उंचीवर सेन्सर बसवावा.

वायुदाबाच्या सिलिंडरवर खाचेत बसवलेले छोटे सेन्सर चुंबकीय असतात; ते पिस्टनवरचे चुंबक ओळखतात, त्यामुळे पिस्टनला चुंबक नसलेल्या सिलिंडरवर ते चालत नाहीत.

बसवताना

इंडक्टिव्ह सेन्सर दोन प्रकारे येतात. फ्लश प्रकाराचे तोंड धातूच्या ब्रॅकेटशी समतल बसवता येते. नॉन-फ्लश प्रकाराचे चुंबकीय क्षेत्र बाजूंनाही पसरते, म्हणून त्याचे अंतर जास्त मिळते, परंतु त्याचे तोंड ब्रॅकेटच्या बाहेर काढून भोवतीची जागा धातूरहित ठेवावी लागते. एम१२ मापात हे अंतर सामान्यतः २ आणि ४ मि.मी., एम१८ मध्ये ५ आणि ८ मि.मी., तर एम३० मध्ये १० आणि १५ मि.मी. असते. जुना फ्लश सेन्सर काढून त्याच छिद्रात ‘जास्त अंतराचा चांगला’ म्हणून नॉन-फ्लश सेन्सर बसवला, तर तो ब्रॅकेटलाच ओळखून कायमचा चालू राहतो. दोन सेन्सर शेजारी किंवा समोरासमोर असतील, तर त्यांच्यातील किमान अंतर डेटाशीटप्रमाणे ठेवावे, अन्यथा ते एकमेकांच्या क्षेत्रात ढवळाढवळ करतात.

शक्य असेल तिथे वस्तू सेन्सरच्या तोंडावर समोरून येऊ न देता बाजूने सरकत जावी अशी रचना करावी. समोरून येणारा कॅम थोडा पुढे सरकला, तरी टोपी फोडतो, आणि सेन्सरचा उपयोग यांत्रिक थांबा म्हणून कधीही करू नये. अंतर लावण्यासाठी स्टीलचे फीलर गेज मध्ये धरल्यास सेन्सर त्या गेजलाच ओळखतो. त्याऐवजी ठरलेल्या जाडीची प्लॅस्टिकची पट्टी जॉब आणि तोंड यांच्यामध्ये ठेवून सेन्सर तिला टेकेपर्यंत फिरवावा, दोन्ही नट हाताने घट्ट करावेत आणि मग डेटाशीटमधील टॉर्कपर्यंत पाना चालवावा. जोर जास्त लावला, तर एम८ किंवा एम१२ च्या पातळ नळीचे आटे जातात आणि आतले सर्किटही तुटते. शेवटी पट्टी काढून यंत्र हाताने किंवा मंद गतीने फिरवावे आणि जॉब सर्वांत लांबून जातो त्या स्थितीतही एलईडी ठामपणे पेटतो, हे पाहावे. मिणमिणता किंवा थरथरणारा एलईडी दिसला, तर अंतर अजून कमी करावे.

लेथ व मिलिंग यंत्रांवर लोखंडाचा कीस तोंडावर साचतो आणि वस्तू नसतानाही सेन्सर चालू दिसतो, म्हणून शक्यतो तोंड खाली किंवा आडवे ठेवावे. आयपी६७ असा धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा लिहिलेला सेन्सर १ मीटर पाण्यात अर्धा तास टिकतो, पण गरम पाण्याच्या उच्चदाब फवाऱ्याला तो टिकेलच असे नाही. रस किंवा दूध प्रक्रिया केंद्रात, जिथे रोज धुलाई होते, तिथे आयपी६९के पाहून घ्यावा. केबल मोटरच्या, विशेषतः व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या), केबलबरोबर एकाच ट्रेमधून नेऊ नये.

तारा जोडताना

तीन तारांच्या डीसी सेन्सरमध्ये तपकिरी तार धन, निळी तार शून्य व्होल्ट आणि काळी तार आउटपुटची असते; चौथी पांढरी असल्यास ती बहुधा उलट आउटपुटची, म्हणजे वस्तू नसताना चालू राहणारी असते. पीएनपी सेन्सर चालू झाला की काळ्या तारेवर धन व्होल्टेज देतो, म्हणून लोड (रिले किंवा इनपुटसारखे चालवायचे उपकरण) काळ्या व निळ्या तारेच्या मध्ये येतो. एनपीएन सेन्सर चालू झाला की काळी तार शून्याला जोडतो, म्हणून लोड तपकिरी व काळ्या तारेच्या मध्ये येतो. युरोपीय मुळाच्या यंत्रांवर बहुधा पीएनपी आणि जपानी मुळाच्या यंत्रांवर बहुधा एनपीएन आढळतो, तरीही अंदाजावर न जाता पीएलसीच्या, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या प्रोग्रॅमेबल कंट्रोलरच्या, इनपुटचा कॉमन (सामाईक टोक) धनाला जोडला आहे की शून्याला, हे आधी पाहावे: कॉमन शून्याला असेल तर पीएनपी, धनाला असेल तर एनपीएन. सेन्सर चुकीचा लावला, तर त्याचा एलईडी नीट पेटतो आणि पीएलसीवर मात्र काहीच येत नाही. ही खूण दिसली, की सेन्सर सोडून जोडणीकडे वळावे.

दोन तारांचा सेन्सर लोडशी एकसरीत जोडतात. लोड नसताना तो थेट पुरवठ्यावर लावल्यास बहुधा जळतो. बंद असतानाही त्यातून थोडा गळती-प्रवाह वाहतो, कारण आतले सर्किट त्यावरच चालते. या गळतीमुळे संवेदनशील इनपुट किंवा छोटा रिले बंदच होत नसेल, तर इनपुटला समांतर योग्य मूल्याचा रेझिस्टर जोडतात. डीसी सेन्सरवर थेट रिलेची कॉइल चालवायची असेल, तर कॉइलला समांतर उलट दिशेने डायोड लावावा आणि कॉइलचा प्रवाह सेन्सरच्या मर्यादेत, जी सामान्यतः २०० मिलिअँपिअर असते, आहे ना, हे पाहावे.

बदलण्यापूर्वी तपासणी

आधी तपकिरी व निळ्या तारेत पुरवठा मोजावा. बहुतेक डीसी सेन्सर १० ते ३० व्होल्टवर चालतात आणि लांब, सैल जोडणीच्या केबलमुळे टोकाला व्होल्टेज कमी भरत असेल, तर बाकीची तपासणी निरर्थक ठरते. पुरवठा ठीक असेल, तर माइल्ड स्टीलचा सपाट तुकडा तोंडाशी आणावा. यंत्र ऊर्जित असताना असा तुकडा दाखवणे म्हणजे यंत्राला खोटा संकेत देणे होय, आणि त्या संकेतावर सिलिंडर सुटू शकतो. म्हणून हवा व मोटरचा पुरवठा तोडूनच हे करावे. एलईडी पेटला, तर पीएनपीसाठी काळ्या व निळ्या तारेत आणि एनपीएनसाठी तपकिरी व काळ्या तारेत जवळपास पूर्ण पुरवठा दिसला पाहिजे. टेबलावर तपासताना काळी तार मोकळी ठेवल्यास मीटर भलतेच आकडे दाखवतो, तिथे ४.७ किलोओहमचा रेझिस्टर लोड म्हणून लावावा. एलईडी पेटतो पण व्होल्टेज बदलत नाही, असे असेल तर आउटपुटचा ट्रान्झिस्टर गेलेला असण्याची शक्यता आहे, आणि तेव्हा बदलण्यापूर्वी लोडमध्ये शॉर्ट आहे का हेही पाहावे. स्टीलचा तुकडा ओळखला जातो पण जॉब ओळखला जात नाही, तेव्हा सेन्सर निर्दोष आहे. वर दिलेला धातूचा गुणक व अंतर पुन्हा मांडावे.

गती मोजण्यासाठी सेन्सर वापरत असाल, तर त्याची स्विचिंग वारंवारता तपासावी. १४४० फेऱ्यांच्या मोटरच्या कपलिंगवरचे चार बोल्ट मोजायचे, तर सेकंदाला २४ फेऱ्या गुणिले ४ म्हणजे ९६ संकेत येतात. डीसी सेन्सरला हे सहज जमते, परंतु एसीवर चालणाऱ्या दोन तारांच्या सेन्सरची मर्यादा २५ हर्ट्झच्या आसपास असल्यामुळे तो आकडा चुकवतो. बोल्टच्या डोक्यांमधील अंतरही त्यांच्या रुंदीच्या किमान दुप्पट असावे, अन्यथा दोन बोल्ट सेन्सरला सलग दिसतात.

पॉवर प्रेसच्या गार्डवर किंवा माणसाचा हात आत जाऊ शकतो अशा कोणत्याही दारावर साधा प्रॉक्सिमिटी सेन्सर सुरक्षेसाठी लावू नये. लोखंडाचा कुठलाही तुकडा चिकटवून त्याला फसवता येते आणि त्याचा आउटपुट चालू अवस्थेत अडकला, तर यंत्राला ते कळत नाही. अशा जागी कोड असलेले सुरक्षा-प्रमाणित सेन्सर आणि सेफ्टी रिलेच हवेत.

नवा नग मागवताना दुकानदाराला केवळ ‘एम१८ प्रॉक्सी’ सांगू नये. नळीचे माप, फ्लश की नॉन-फ्लश, अंतर, पीएनपी की एनपीएन, नॉर्मली ओपन (वस्तू नसताना बंद) की नॉर्मली क्लोज्ड (वस्तू नसताना चालू), व्होल्टेज, तसेच केबल आहे की एम१२ कनेक्टर, हे सर्व जुन्या लेबलवरून लिहून न्यावे. कनेक्टरचा सेन्सर घेतल्यास सामान्यतः १ क्रमांकाची पिन धन, ३ शून्य आणि ४ आउटपुटची असते. २ क्रमांकावर दुसरा आउटपुट असतो किंवा ती रिकामी असते. लेबल पुसले गेले असेल, तर पॅनेलच्या ड्रॉइंगवरून व पीएलसीच्या कॉमनवरून प्रकार ठरवावा आणि नवा सेन्सर लावताच त्याचा पूर्ण क्रमांक ड्रॉइंगवर लिहून ठेवावा.